चावी लावली तरी गाडी गप्प: इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉक आलं कुठून?

मर्सिडीजची २००७ ते २०१४ या काळातली सी-क्लास, म्हणजे डब्ल्यू२०४. भारतात विकल्या गेलेल्या या गाड्यांची जुळवणी पुण्यातच व्हायची, २००९ पासून चाकणच्या कारखान्यात. आज त्या सेकंडहँड बाजारात बऱ्यापैकी आवाक्यात आल्या आहेत. घेणाऱ्याने त्यांचा एक जुना आजार आधीच माहीत करून घ्यावा. चावी खाचेत सरकवली की स्टिअरिंगखालून क्षणभर बारीक घरघर ऐकू येते. एक दिवस ती येत नाही. चावी फिरत नाही, डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. बॅटरी ठणठणीत असते, रिमोटने दरवाजेही उघडतात, पण गाडी काही केल्या चालू होत नाही. स्टिअरिंग त्याच वेळी अडकलेलं असेल, तर टो करून नेणंही जिकिरीचं होतं.

दोष असतो स्टिअरिंग जखडणाऱ्या विजेवरच्या कुलपात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉकमध्ये. बिघाड दिसायला छोटा आणि उपाय मात्र महाग, असं का होतं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

स्टिअरिंगच्या दांड्यात खिट्टी अडकवून गाडी जखडण्याची कल्पना १९३०च्या दशकातली. फ्रान्समध्ये अब्राम नेमन यांच्या नावाचं कुलूप इतकं रुळलं, की तिथे आजही लोक स्टिअरिंग लॉकला सरळ ‘नेमन’ म्हणतात. तरी कित्येक वर्षं ही हौसेची किंवा जास्तीची वस्तूच राहिली. कलाटणी दिली ती पश्चिम जर्मनीने. तिथे १९६१ मध्ये नव्या गाड्यांना हे कुलूप सक्तीचं झालं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत जुन्या गाड्यांनाही बसवावं लागलं. गाडीचोऱ्या घटल्या, आणि घटलेल्याच राहिल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना कुलूप आलं. तिथल्या अभ्यासात दिसलं की नव्या गाड्या चोरीला जाण्याचं प्रमाण उतरलं, पण चोर जुन्या गाड्यांकडे वळले. सक्ती सगळ्यांना केली की गुण येतो आणि अर्धवट केली की चोर फक्त गल्ली बदलतो, हा धडा गुन्हेशास्त्राच्या अभ्यासात अजूनही सांगितला जातो.

अमेरिकेत हा नियम १ जानेवारी १९७० पासून लागू झाला. जनरल मोटर्सने तर १९६९ च्या मॉडेलांतच कुलूप आणलं आणि डॅशबोर्डवरची चावी स्टिअरिंग कॉलमवर गेली. चावीची जागा बदलण्यामागे साधं कारण होतं: ज्या हाताने चावी फिरवायची, त्याच हाताच्या जोराने खिट्टी आत-बाहेर व्हायची. ना मोटर, ना वायर. कुलपातला चावीचा सिलिंडर झिजला तर चावी अडखळायची, आपण स्टिअरिंग जरा हलवून ती फिरवायचो, आणि वर्षानुवर्षं तसंच चालायचं. दुचाकीचं हँडल लॉक वापरलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

मग १९९०चं दशक आलं. युरोपात नव्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला. चावीतला सांकेतिक क्रमांक जुळल्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही, अशी सोय. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मर्सिडीजने पात्याऐवजी सांकेतिक क्रमांकाने ओळख पटवणारी इलेक्ट्रॉनिक चावी आणली, आणि थोड्याच काळात एस-क्लासमध्ये चावी खिशातच ठेवून गाडी चालू करायची पद्धतही आली. आता प्रश्न उभा राहिला: खिट्टी हलवणार कोण? हाताचा जोर तर आता खिट्टीपर्यंत पोचत नव्हता. म्हणून कुलपातच एक इवलीशी मोटर, दोन-चार गिअर आणि स्वतःचा सर्किट बोर्ड बसवला गेला. इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉक जन्मलं ते असं. चोरी रोखण्याची गरज इमोबिलायझरने बरीचशी भागवली होती. हे कुलूप आलं ते जुना नियम नव्या चावीशी जुळवून घ्यायला, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोललेलं कुलूप हातात घेतलं की दुखणं नजरेला पडतं. अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठी नसलेली मोटर. तिच्या ब्रशांची, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या तुकड्यांची, झीज होऊन आत काळी भुकटी साचलेली असते, आणि ते जिथे टेकतात त्या तांब्याच्या कम्युटेटरवर घासून खाच पडलेली असते. प्रत्येक फेरीला ही मोटर दोनदा फिरते, एकदा उघडायला आणि एकदा बंद करायला. शहरात दिवसातून पाच-सहा ठिकाणी थांबणाऱ्या गाडीची मोटर म्हणूनच आधी थकते. फोक्सवॅगन पसाटच्या २००५ नंतरच्या पिढीत हेच दुखणं बहुतेक वेळा कुलपातल्या मायक्रोस्विचवर येतं. खिट्टी खरोखर बाहेर आली आहे, पण स्विच तसं सांगत नाही.

इतक्या छोट्या कारणाने अख्खी गाडी बंद पाडायची, हा अन्याय वाटतो. पण उलट बाजू विचारात घ्या. धावत्या गाडीचं स्टिअरिंग अडकलं तर? इलेक्ट्रॉनिक दोषांतून होणाऱ्या धोक्यांच्या वर्गवारीत ही शक्यता सर्वांत वरच्या श्रेणीत धरली जाते. म्हणून या कुलपांचा पहिला नियम असा: खिट्टी पूर्ण बाहेर आल्याची खात्री पटली नाही तर गाडी चालू होऊ द्यायची नाही. डब्ल्यू२०४ मध्ये इग्निशन मॉड्यूल, म्हणजे चावीच्या खाचेचा इलेक्ट्रॉनिक भाग, आधी चावी ओळखतं, मग कुलपाशी सांकेतिक निरोपांची देवाणघेवाण करतं आणि ‘उघडलं’ असं उत्तर आल्यावरच चावी फिरू देतं. उत्तर आलं नाही की सगळं ठप्प. जर्मन अभियंत्यांचा हा निर्णय मला पूर्ण पटतो. पटत नाही ते इतकंच, की एवढी जबाबदारी असलेल्या कुलपात मोटर इतकी किरकोळ का बसवली.

दुरुस्ती किचकट होण्याचं कारणही याच इतिहासात आहे. कुलूप चोरीविरोधी भाग असल्याने ते त्या एकाच गाडीशी सांकेतिक पद्धतीने जोडलेलं असतं. दुसऱ्या गाडीचं काढून लावलं तर चालत नाही. नवं कुलूप गाडीच्या चॅसी नंबरावर, मालकीची कागदपत्रं दाखवून मागवावं लागतं. नुसती मोटर बदलूनही अनेकदा भागत नाही, कारण बोर्डाने दोष स्वतःच्या स्मृतीत पक्का नोंदवलेला असतो आणि तो पुसायला वेगळं उपकरण लागतं. शिवाय खिट्टी आत असताना कुलूप कॉलमवरून सरळ निघत नाही. मग कापाकापी आली.

त्यामुळे घरघर उशिरा आली, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चावी चालली, की त्याच आठवड्यात गाडी दाखवावी. एरवी बंद पडलेलं कुलूप कॉलमवर खालून हलके ठोके देत चावी लावल्यावर कधीकधी उघडतं, कारण ब्रश क्षणभर टेकतात. तसं उघडलं तर चावी काढू नये. चावी आत असेपर्यंत या गाडीत खिट्टी परत बसत नाही, आणि गॅरेज गाठता येतं. उघड्या स्थितीत आणलेल्या कुलपाचं काम बरंच सोपं आणि स्वस्त होतं.

गॅरेजवाले आता सर्रास एम्युलेटर सुचवतात. ही छोटी डबी खिट्टी नसतानाही ‘उघडलं’ असं उत्तर देते. इमोबिलायझर शाबूत राहतो, पण स्टिअरिंग जखडणं कायमचं जातं. अमेरिकेच्या नियमात स्टिअरिंग अडवा किंवा गाडी स्वतःच्या जोरावर पुढे जाणं अडवा, अशी दोन्हींपैकी एकाची मुभा आहे. युरोपच्या नियमातही गिअर किंवा ट्रान्समिशन अडवण्याचे पर्याय आहेत. निसानने ३७०झेड या गाडीतून हे कुलूप पुढे काढूनच टाकलं. पण कारखान्याने मंजुरी घेऊन काढणं आणि आपण नंतर काढणं यात फरक आहे. एम्युलेटर बसवलाच, तर बिलावर तसं स्पष्ट लिहून घ्यावं आणि विमा कंपनीला कळवावं. गाडी पुढे विकताना घेणाऱ्यालाही सांगावं.