आयएनएस विक्रांत (आर ११)

विक्रांत ही भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका होती. ४ मार्च १९६१ ते ३१ जानेवारी १९९७ अशी जवळपास ३६ वर्षे ती नौदलाच्या सेवेत होती आणि त्यानंतर काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. तिची लांबी सुमारे २१३ मीटर आणि पूर्ण भारासह विस्थापन (म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) १९,५०० टन होते. चार बॉयलर आणि वाफेच्या दोन टर्बाइनांच्या बळावर ती ताशी सुमारे २५ सागरी मैल वेग गाठत असे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाला कमी वेळात आणि कमी खर्चात पुष्कळ विमानवाहू नौका हव्या होत्या. त्या गरजेतून हलक्या विमानवाहू नौकांचा एक आराखडा तयार झाला. या नौका युद्धापुरत्या, फार तर तीन वर्षे टिकाव्यात एवढीच त्यामागे अपेक्षा होती. त्यांपैकी मॅजेस्टिक वर्गातील ‘हर्क्युलिस’ या नौकेची बांधणी ऑक्टोबर १९४३ मध्ये इंग्लंडमधील टाइन नदीकाठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीच्या कारखान्यात सुरू झाली. २२ सप्टेंबर १९४५ रोजी तिचे जलावतरण झाले, पण तोवर युद्ध संपले होते. मे १९४६ मध्ये काम थांबवण्यात आले आणि अर्धवट अवस्थेतील ही नौका स्कॉटलंडच्या किनाऱ्याला पडून राहिली. तिची भावंडे एकेक करून ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाच्या नौदलांत गेली. ‘लेव्हायथन’ तर पूर्ण न होताच पुढे मोडीत निघाली. भारताने जानेवारी १९५७ मध्ये हर्क्युलिस विकत घेतली आणि बेलफास्ट येथील हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत तिचे उरलेले काम पूर्ण करून घेतले. नव्याने स्वतंत्र झालेल्या, परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाने हा खर्च करावा का, हा प्रश्न तेव्हा रास्तच होता. मात्र पुढील तीन दशकांत या नौकेने जे काम केले, ते पाहता तो निर्णय दूरदृष्टीचा ठरला असे म्हणावे लागते.

बेलफास्टमध्ये मूळ आराखड्यात महत्त्वाचे बदल झाले. डेकवर तिरकी धावपट्टी आखण्यात आली, विमान फेकण्यासाठी वाफेवर चालणारा कॅटापुल्ट बसवला गेला, उतरणाऱ्या वैमानिकाला योग्य उतार दाखवणारी आरशाची यंत्रणा आली आणि उष्ण कटिबंधातील वास्तव्यासाठी काही भागांत वातानुकूलनाची सोय झाली. ब्रिटनमधील तत्कालीन भारतीय उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते नौका सेवेत दाखल झाली. कॅप्टन प्रीतम सिंग महिंद्रू हे तिचे पहिले कमांडिंग ऑफिसर होते. ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ऋग्वेदातील वचन तिचे बोधवाक्य होते. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राम तहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिले जेट विमान उतरवले. हेच तहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी विक्रांत मुंबईला पोहोचली, तेव्हा तिच्या स्वागताला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते.

विक्रांतवरील विमानांचा मुख्य ताफा दोन स्क्वाड्रनांचा होता. ‘व्हाइट टायगर्स’ या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे सी हॉक ही हल्ला करणारी जेट विमाने होती, तर ‘कोब्राज’ या ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे पाणबुडीचा माग काढणारी फ्रेंच बनावटीची अलिझे विमाने होती. जोडीला हेलिकॉप्टरे असत. जेमतेम दोनशे मीटरच्या डेकवरून जेट उडवणे आणि परत उतरवणे हे सगळे वाफ, वारा आणि पोलादी तारा यांच्या मेळावर चालत असे. उड्डाणाच्या वेळी नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने धावे, म्हणजे डेकवर आपोआप जोराचा वारा मिळे. विमान पोलादी तारेने कॅटापुल्टला अडकवले जाई आणि बॉयलरमधून आलेली वाफ त्याला काही क्षणांत उड्डाणाच्या वेगापर्यंत ओढून नेई. परतताना विमानाच्या शेपटाखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत अडकावा लागे. तो हुकला तर वैमानिकाने तत्क्षणी इंजिनाला पूर्ण जोर देऊन तिरक्या धावपट्टीवरून पुन्हा हवेत झेपावायचे असे. बॉयलर हे या नौकेचे केवळ इंजिन नव्हते: जो वेग डेकवर वारा आणतो तो आणि जी वाफ विमान फेकते ती, दोन्ही तिथूनच येत.

सेवेत दाखल झाल्यावर दहा महिन्यांच्या आतच, डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’ दरम्यान, विक्रांत गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर गस्तीवर होती. बाहेरून हस्तक्षेप झालाच तर तो रोखणे हे तिचे काम होते आणि तिच्या विमानांना प्रत्यक्ष हल्ला करण्याची वेळ आली नाही. गोव्याशी तिचे नाते पुढे अधिक घट्ट झाले, कारण दाबोळी येथील आयएनएस हंसा हा नौदलाच्या विमानांचा मुख्य तळ बनला. १९६५ च्या युद्धाच्या वेळी ती मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती. तरीही ती बुडवल्याचा दावा पाकिस्तानने केला होता.

विक्रांतच्या सेवेतील सर्वांत मोठे पर्व नेमके तिच्या दुबळ्या अवस्थेत आले. जून १९७० मध्ये तिच्या बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमांना तडे गेल्याचे आढळले. ड्रम मुंबईत बदलता येण्यासारखे नव्हते आणि नवे वेळेत मिळाले नाहीत, त्यामुळे नौका कित्येक महिने उभी राहिली. मार्च १९७१ मध्ये बॉयलर पुन्हा पेटवून चाचण्या घेण्यात आल्या. वाफेचा दाब दर चौरस इंचाला ४०० पौंडांपर्यंत मर्यादित ठेवून नौका चालवायचे ठरले आणि तिचा वेग ताशी १४ सागरी मैलांच्या आसपास आला. अशा नौकेला पाकिस्तानविरुद्धच्या १९७१ च्या युद्धात न्यावे की किनाऱ्याशी सुरक्षित ठेवावे, यावर नौदलात गंभीर विचार झाला. तिला वापरायचेच, असा नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांचा आग्रह होता. अखेर तिला पश्चिम किनाऱ्याऐवजी बंगालच्या उपसागरात पाठवण्यात आले, कारण तिथे शत्रूचे हवाई व नौदल बळ तुलनेने कमी होते आणि पूर्व पाकिस्तानची (आजच्या बांगलादेशाची) समुद्रमार्गे कोंडी करण्यासाठी विमानवाहू नौकेची खरी गरजही तिथेच होती.

तिला बुडवण्यासाठी पाकिस्तानने ‘गाझी’ ही पाणबुडी कराचीहून पाठवली होती. पूर्व नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानच्या एका आडबाजूच्या नांगरतळावर दडवले आणि ती विशाखापट्टणमजवळ असल्याचा भास जुनी विनाशिका ‘राजपूत’ हिच्याकरवी निर्माण केला. मोठ्या नौकेला शोभेल एवढी वायरलेस संदेशांची वर्दळ सुरू ठेवली गेली, बाजारात मोठ्या प्रमाणावर रसद मागवली गेली, एवढेच नव्हे तर विक्रांतवरील म्हणून एका नाविकाच्या आजारी आईच्या प्रकृतीची चौकशी करणारा संदेशही साध्या, सांकेतिक नसलेल्या भाषेत पाठवण्यात आला. ३-४ डिसेंबरच्या रात्री गाझी विशाखापट्टणमसमोर बुडाली. ती राजपूतने टाकलेल्या, पाण्यात खोलवर फुटणाऱ्या बॉम्बमुळे (डेप्थ चार्ज) बुडाली की अंतर्गत स्फोटामुळे, याबद्दल भारत आणि पाकिस्तान यांच्या बाजू वेगळ्या आहेत.

४ डिसेंबर १९७१ रोजी कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखालील विक्रांतवरून आठ सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर पहिला हल्ला केला आणि त्याच दिवशी चितगावच्या बंदरावर व विमानतळावर दुसरा. त्यानंतरच्या दिवसांत खुलना, मोंगला, चालना अशा बंदरांवर आणि खाड्यांतील जहाजांवर सतत हल्ले होत राहिले. उपसागरात वारा मंद आणि नौकेचा वेग तुटपुंजा, त्यामुळे प्रत्येक उड्डाणाचे वजन, इंधन आणि शस्त्रभार यांचा बारीक हिशेब करावा लागत असे. रात्रीच्या मोहिमा बऱ्याच अंशी अलिझे विमानांनी सांभाळल्या. पूर्व पाकिस्तानातील सैन्याला समुद्रमार्गे कुमक मिळण्याची किंवा निसटण्याची वाट त्यामुळे बंद झाली. या कामगिरीसाठी विक्रांतवरील अधिकारी व नौसैनिकांना २ महावीरचक्रे आणि १२ वीरचक्रे मिळाली. बॉयलर विभागातील नौसैनिकांचा वाटा या गौरवकथेत अनेकदा मागे पडतो, पण तडे गेलेल्या ड्रमांवर रोज लक्ष ठेवून पुरेशी वाफ देत राहणे हे डेकवरच्या धाडसाइतकेच जोखमीचे होते.

पुढील काळात तिला नवे बॉयलर मिळाले. १९७९ ते जानेवारी १९८२ या मोठ्या दुरुस्तीत ते बसवले गेले. १९८३ अखेर सी हॅरियर ही आखूड धाव घेऊन उडणारी आणि सरळ खाली उतरणारी विमाने आली आणि सी हॉक निवृत्त झाले. त्यानंतरच्या दुरुस्तीत कॅटापुल्ट काढून टाकून डेकच्या टोकाशी ९.७५ अंशांचा वर उचललेला उतार, म्हणजे स्की-जंप, बसवण्यात आला. त्यामुळे अलिझे विमानांना नौकेवरून उडणे अशक्य झाले. १९८७ पासून विराट ही दुसरी विमानवाहू नौका उपलब्ध असल्याने विक्रांतवरचा भार कमी होत गेला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ती शेवटची समुद्रावर गेली.

निवृत्तीनंतर तिचे कायमस्वरूपी संग्रहालय व्हावे ही महाराष्ट्रात व्यापक इच्छा होती आणि २००१ मध्ये ती लोकांसाठी खुली करण्यात आली. मात्र पाण्यात उभ्या पोलादी नौकेचा तळ सतत गंजतो. त्याची निगा नियमित केली नाही तर ती काही वर्षांतच धोकादायक होते. राज्य शासनाला दीर्घकाळ खर्च उचलणारा खासगी भागीदार मिळाला नाही आणि २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव संग्रहालय बंद झाले. जानेवारी २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला. त्याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात दिलेली स्थगितीही ऑगस्टमध्ये उठली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईतील दारूखाना या जहाजे मोडण्याच्या भागात तिचे तोडकाम सुरू झाले. युद्धात लढलेली देशाची पहिली विमानवाहू नौका जतन करता न येणे ही केवळ पैशाची अडचण नव्हती. निवृत्तीनंतर सतरा वर्षे हातात असूनही तिला किनाऱ्यावर कोरड्या जागी कायमची बसवण्याची योजना तडीस गेली नाही, हे प्रशासकीय अपयश म्हणूनच नोंदवावे लागते.

तिच्या पोलादातून घडवलेले स्मारक जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील नौदल गोदीजवळ उभारण्यात आले आणि तिच्या धातूचा काही अंश बजाज कंपनीच्या ‘व्ही’ या मोटारसायकलीतही वापरला गेला. सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर ही विमाने गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात आजही पाहता येतात. कोची येथे बांधलेली सुमारे ४५,००० टनांची नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत आली. तिने जुन्या नौकेचे नाव, आर ११ हा क्रमांक आणि बोधवाक्य घेतले आहे. तिची विमाने स्की-जंपवरून उडतात आणि ती स्वतः गॅस टर्बाइनांवर चालते.