यकृत नवं, आतडं जुनंच

प्रत्यारोपणासाठी काढलेलं यकृत बहुतेक वेळा 4 अंश सेल्सियसच्या आसपास थंड द्रावणात ठेवतात. त्या काही तासांत त्याला ना रक्त मिळतं ना ऑक्सिजन, तरी थंडीमुळे पेशी तग धरतात. खरी पडझड होते ती शिरा जोडून रक्त पुन्हा सोडल्यावर. ऑक्सिजन आला की उपाशी पेशींच्या मायटोकॉन्ड्रियांमधून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांमधून, घातक रेणूंचा लोंढा सुटतो, पेशी मरू लागतात, त्यांच्या अवशेषांमुळे रोगप्रतिकारक पेशी चवताळतात आणि दाह पसरतो. डॉक्टर याला इस्केमिया-रिपर्फ्यूजन इजा म्हणतात. ती थोडीफार प्रत्येक यकृताला होतेच. प्रश्न असतो तो ती किती व्हावी याचा. आणि तिथे आतड्यातल्या जीवाणूंचा हात लागतो.

यकृतात येणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेन या शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून येतं. पचलेल्या अन्नाबरोबर जीवाणूंचे सुटे तुकडेही त्यातून वाहत येतात. ते टिपायला यकृतात कुप्फर पेशी बसलेल्या असतात, नाक्यावरच्या जुन्या पहारेकऱ्यांसारख्या: रोजच्या किरकोळ मालावरून त्या आरडाओरडा करत नाहीत, गुपचूप गिळून टाकतात. काही जीवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. तो पेशींवरच्या टीएलआर-4 या ग्राहीला, म्हणजे असे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटला की दाहाचा इशारा सुटतो. एरवी हा इशारा आटोक्यात राहतो.

प्रत्यारोपणाच्या दिवशी मात्र सगळंच एकदम जुळून येतं. सिऱ्हॉसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होत गेलेल्या, रुग्णाचं आतडं आधीच झिरपू लागलेलं असतं आणि त्यात एंडोटॉक्सिनवाले जीवाणू माजलेले असतात. त्यात जुनं यकृत काढताना पोर्टल व्हेनला चिमटा लावावा लागतो. रक्त आतड्यांत तुंबतं, भिंती सुजतात, पेशींमधले सांधे सैल पडतात. काही शल्यचिकित्सक हे रक्त तात्पुरत्या मार्गाने वळवतात, पण दर वेळी नाही. चिमटा निघाला की तुंबलेलं रक्त आधी पोचतं ते नव्या, आधीच घायाळ यकृतात. टीएलआर-4 निकामी केलेल्या उंदरांच्या यकृताला अशा वेळी कमी इजा होते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

मग जीवाणूच आधी कमी केले तर? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने 2019 मध्ये नेमकं हेच मांडलं. यकृत घेणाऱ्या उंदरांना आधी प्रतिजैविकं दिली, तर नव्या यकृताची इजा घटली. तिथल्या रुग्णांच्या नोंदी चाळल्यावरही, शस्त्रक्रियेपूर्वी जास्त दिवस प्रतिजैविकं मिळालेल्यांत यकृत सुरुवातीलाच मंदावण्याचं प्रमाण कमी आढळलं. त्या औषधांत रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक होतं. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून काम तिथल्या तिथे करतं. पण हा भाग जुन्या नोंदींवरचा होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे. यावरून कोणी सरसकट उपचाराचा निष्कर्ष काढला तर ती घाईच.

घाई अशासाठीही, की सगळे जीवाणू शत्रुपक्षातले नाहीत. तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार करणारे जीवाणू मोठ्या आतड्याच्या अस्तराला इंधन पुरवतात. ते अस्तर धड असेल तरच एंडोटॉक्सिन अडतं. काही जीवाणू पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतात आणि त्यातली काही रूपं यकृतातला दाह शांत करतात. प्रतिजैविकांच्या सरसकट माऱ्यात हे मित्रही मरतात, आणि चिवट, औषधांना न जुमानणारे जीवाणू मोकळ्या जागेत पसरतात. प्रत्यारोपणानंतरच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. तिथे हे परवडत नाही.

याच्या उलट वाट बर्लिनच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये तपासली. प्रत्यारोपण झालेल्या 66 रुग्णांना त्यांनी अन्नातले तंतू (फायबर) दिले. त्यांपैकी निम्म्यांना सोबत लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणूही. निव्वळ तंतू घेणाऱ्यांत 48 टक्क्यांना जिवाणूसंसर्ग झाला, जीवाणू घेणाऱ्यांत 3 टक्क्यांना. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो संसर्गाचा आहे, यकृताच्या इजेचा नव्हे; शिवाय रुग्ण थोडे. दाबलेल्या प्रतिकारशक्तीत जिवंत जीवाणूच क्वचित रक्तात शिरतात, तेव्हा दुकानातली प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत जीवाणूंची, पुडी स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं.

अलीकडे यकृत बर्फात न ठेवता यंत्रावर, शरीराच्या तापमानाला, रक्त फिरवत जपण्याची पद्धत रुळते आहे. इजा तिनेही कमी होते. पण यंत्रावरच्या त्या यकृताला आतडं जोडलेलं नसतं. पोर्टल व्हेनमधून येणाऱ्या मालाशी त्याची पहिली गाठ रुग्णाच्या पोटात गेल्यावरच पडते.