फौजदारी खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज : सातारा जिल्ह्यातल्या पक्षकारांसाठी

परदेशी मालिकांत ज्युरीतला एखादा सदस्य आरोपीच्या माणसांशी बोलताना सापडतो, न्यायाधीश ज्युरी बरखास्त करतात आणि खटला नव्या ज्युरीपुढे पहिल्यापासून सुरू होतो. आपल्याकडच्या फौजदारी कोर्टांत 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर ज्युरी उरलेली नाही. साक्षीपुरावा ऐकणारे आणि निकाल देणारे न्यायाधीश एकच असतात. त्यामुळे ‘इथे निःपक्ष सुनावणी होणार नाही’ अशी भीती असेल तर खटला वर्ग करण्याचा, म्हणजेच ट्रान्स्फरचा अर्ज करावा लागतो.

अर्ज कुठे करायचा, इथेच पहिली चूक होते. पाटणचा खटला कराडला किंवा वाईचा साताऱ्याला न्यायचा असेल, म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, तर आधी साताऱ्याच्या सत्र न्यायाधीशांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 448 खाली अर्ज करायचा. तो फेटाळला गेला तरच कलम 447 खाली हायकोर्टाचं दार उघडतं. थेट हायकोर्टात गेलात तर ‘आधी तिकडे जा’ हेच ऐकावं लागतं. खटला साताऱ्यातून सांगलीला हलवायचा असेल तर मात्र सत्र न्यायाधीशांना तो अधिकारच नाही. हायकोर्टातच जावं लागतं. 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या सर्किट बेंचखाली (मुंबई हायकोर्टाच्या तिथल्या खंडपीठाखाली) येतात, त्यामुळे मुंबईची फेरी वाचली. राज्याबाहेर न्यायचा असेल तर सुप्रीम कोर्ट, कलम 446. नवी संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली. त्याआधीपासून चालू असलेल्या खटल्यांना 1973 च्या संहितेतली जुनी कलमं (408, 407, 406) लावतात.

अर्ज आरोपी करू शकतो, सरकार पक्ष करू शकतो, खाजगी तक्रारीतला फिर्यादीही करू शकतो. कायद्याचा शब्द ‘हितसंबंधित पक्षकार’ असा आहे.

आता कारण. सगळा अर्ज यावरच उभा राहतो किंवा पडतो. जामीन नाकारला, मुदत दिली नाही, प्रश्न विचारू दिला नाही, हे आदेश चुकीचे असतील तर वरच्या कोर्टात दाद मागता येते, जामीनही तिथे मागता येतो. पण आदेश विरोधात गेला म्हणून पक्षपात सिद्ध होत नाही. भीती वाजवी हवी, नुसती मनातली नको, हे सुप्रीम कोर्टाने 1966 च्या गुरचरण दास चढ्ढा प्रकरणात सांगितलं आणि आजही हीच कसोटी लागते. न्यायाधीशांचा खटल्यात वैयक्तिक हितसंबंध, साक्षीदारांवरचं दडपण, स्थानिक वकिलांनी वकीलपत्र घ्यायला दिलेला नकार अशी कारणं ऐकून घेतली जातात.

प्रतिज्ञापत्रातलं एक वाक्य पाहा : ‘मा. न्यायाधीश विरुद्ध बाजूला सामील आहेत.’ याने काहीच साधत नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘अमुक तारखेस साक्षीदार क्र. 3 ची उलटतपासणी चालू असताना अमुक शब्द उच्चारले गेले. त्याच दिवशी अर्ज देऊन ते निदर्शनास आणले. तो अर्ज निशाणी अमुक.’ तारीख, शब्द, निशाणी (कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक). घटना घडली त्याच दिवशी अर्ज दिलेला नसेल तर सहा महिन्यांनी केलेल्या आरोपाला वजन राहत नाही. अधीनस्थ न्यायाधीशाबद्दल वरच्या कोर्टाकडे सद्भावनेने केलेलं विधान 1971 च्या अवमान कायद्याच्या कलम 6 प्रमाणे अवमान ठरत नाही. बेछूट आरोप मात्र महागात पडतात, आणि खातरजमा न करता सही करणाऱ्या वकिलांनाही.

अर्जासोबत खटल्याचा नंबर आणि सीएनआर क्रमांक (खटल्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक), प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, रोजनाम्याच्या (दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीच्या) आणि संबंधित आदेशांच्या सही-शिक्क्याच्या नकला, दोषारोपपत्राची प्रत हे जोडावं. नकलांचा अर्ज सगळ्यात आधी टाका. अडतं ते तिथेच. प्रतिज्ञापत्रात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवर आणि कोणते ऐकीव, हे वेगळं लिहा. अर्जदार आरोपी असेल तर सरकारी वकिलांना कारणांच्या प्रतीसह लेखी नोटीस द्यावीच लागते. नोटीस आणि सुनावणी यांत किमान 24 तास गेल्याशिवाय गुणदोषांवर आदेश होत नाही. पोच जपून ठेवा. संबंधित न्यायाधीशांकडून अभिप्रायही मागवला जातो.

सगळ्यात नडणारी समजूत : ‘ट्रान्स्फर टाकलाय, आता तारखेला जायला नको.’ नुसत्या अर्जाने खटला थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती मिळाली तरी आरोपीच्या कोठडीचे आदेश खालचं कोर्ट देऊ शकतं. तारखेला हजर राहा, ट्रान्स्फर अर्ज दाखल केल्याची पुरशिस (कोर्टाला दिलेली लेखी माहिती) आणि मुदतीचा अर्ज द्या. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघेल, आणि तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल.

अर्ज खोडसाळ ठरला तर समोरच्याला भरपाई द्यावी लागू शकते. पूर्वी सत्र न्यायालयात ती जास्तीत जास्त 250 रुपये होती, आता 10,000 रुपयांपर्यंत आहे. हायकोर्ट योग्य वाटेल ती रक्कम ठरवतं.

मंजूर झाला तर? ज्युरी बदलल्यासारखं सगळं पहिल्यापासून होत नाही. नोंदलेला पुरावा तसाच पुढे जातो, नवे न्यायाधीश तिथून पुढे चालवतात. गरज वाटली तर साक्षीदाराला पुन्हा बोलावू शकतात. संक्षिप्त खटल्यांना (किरकोळ गुन्ह्यांचे, थोडक्यात चालवले जाणारे) ही सोय नाही, ते पुन्हा सुरू होतात.