सॉफ्टवेअर पायरसीची तक्रार

परवान्याशिवाय उतरवलेल्या, विकलेल्या किंवा वापरात ठेवलेल्या संगणक आज्ञावलीची (सॉफ्टवेअरची) माहिती हक्कधारक कंपनीला अथवा पोलिसांना देण्याची प्रक्रिया. विदर्भात तालुक्याच्या गावी हा प्रश्न बहुधा तीन ठिकाणी उद्भवतो : लग्नपत्रिका व फ्लेक्स करणारी डीटीपीची दुकाने, संगणक दुरुस्तीची दुकाने (‘विंडोज मारून देणे’ हा तिथला रूढ शब्दप्रयोग) आणि जिनिंग, राईस मिल वा कृषी केंद्रातील हिशेबाचे संगणक.

फुकट नकलेविरुद्धची पहिली जाहीर तक्रार म्हणून सहसा बिल गेट्स यांच्या फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्राचा दाखला देतात. ते तक्रारीपेक्षा गाऱ्हाणेच म्हणावे लागेल. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात आज्ञावलीचे स्थान निःसंदिग्ध झाले ते १९८० मध्ये. भारतात कॉपीराइट अधिनियम १९५७ चा. आज्ञावलीला संरक्षण १९९४ च्या दुरुस्तीने मिळाले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत ती १९८४ च्या दुरुस्तीनेच आली होती, म्हणून तेच वर्ष अधिक ग्राह्य होय. १९९४ ची भर वेगळी : सध्याची व्याख्या आणि कलम ६३-बी, ज्याने जाणूनबुजून नकली प्रत वापरणाराही गुन्हेगार ठरला. त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. नकला करून विकणाऱ्यास कलम ६३ लागते (६ महिने ते ३ वर्षे).

खरा वाद कलम ६३ दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असे) आहे की नाही, हा होता. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात ३ ते ७ वर्षे शिक्षेचे गुन्हे दखलपात्र आणि ३ वर्षांहून कमी शिक्षेचे अदखलपात्र. मग ‘३ वर्षांपर्यंत’ कोणत्या रकान्यात घालायचे? गुवाहाटी व केरळ उच्च न्यायालयांनी दखलपात्र म्हटले, दिल्लीने नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो अजामीनपात्र मानला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात दखलपात्र व अजामीनपात्र असा निर्वाळा दिला. त्यावर काही अभ्यासकांचे आक्षेप असले, तरी आज चालतो तो हाच निवाडा. त्यामुळे ठाण्यात केवळ ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन बोळवण झाली, तर या निवाड्याचा उल्लेख अर्जात जरूर करावा. जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (२०२३) कलम १७३(३) मधील १४ दिवसांची प्राथमिक चौकशी, ‘३ वर्षांपर्यंत’ म्हणजे ३ ते ७ वर्षांचा रकाना या त्याच तर्काने, येथे लागू पडावी.

देशोदेशींचा मुख्य फरक शिक्षेत नसून तक्रारीचा अधिकार कोणाला, यात आहे. जपानमध्ये हक्कधारकाच्या फिर्यादीशिवाय खटला उभा राहत नसे. डिसेंबर २०१८ अखेरीस ही अट अंशतः सैल झाली. जर्मनीत साध्या उल्लंघनाला हक्कधारकाचा अर्ज लागतो (विशेष लोकहित असल्यास अपवाद), धंदेवाईक उल्लंघनाला नाही. ब्रिटनमध्ये ट्रेडिंग स्टँडर्ड्स (स्थानिक प्रशासनाचे व्यापार-नियमन खाते) अधिकारी कारवाई करतात. १९८४ पासून फास्ट ही सॉफ्टवेअरचोरीविरोधी उद्योगांची संघटनाही आहे. अमेरिकेत बव्हंशी दिवाणी मार्ग : नक्कल झालेल्या दर आज्ञावलीमागे ७५० ते ३०,००० डॉलर वैधानिक भरपाई, हेतुपुरस्सर असल्यास दीड लाखापर्यंत. तेथे बीएसए ही सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना (स्थापना १९८८) नाव गुप्त ठेवून माहिती घेते व बक्षीसही देते; माहिती देणारा बहुधा त्याच कचेरीतला नाराज कर्मचारी असतो.

भारतात माहिती कोणीही देऊ शकतो. तरीही ठाणेदार पहिला प्रश्न विचारतात तो ‘कंपनीचे पत्र कुठे आहे?’ हाच, आणि तो गैर नाही : परवाना नाही हे सांगू शकते ती कंपनीच. म्हणून आधी कंपनीला कळवून प्राधिकारपत्र घेतलेला प्रतिनिधी ठाण्यात आणणे सोयीचे. अर्जात दुकानाचा पत्ता, आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, संगणकांची संख्या, किती पैसे घेतले व तारीख लिहावी, पोच घ्यावी. पुरावा म्हणून नकली प्रत स्वतः पेन ड्राइव्हवर उतरवून नेऊ नये, तीही नक्कलच ठरते.

संशय तपासून घ्यावा. विंडोजमध्ये ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ (slmgr /dlv) ही आज्ञा दिल्यावर एकट्या दुकानाच्या संगणकावर ‘व्हॉल्यूम केएमएस’ परवाना (मोठ्या संस्थांच्या अनेक संगणकांसाठीचा), १८० दिवसांची मुदत आणि सर्व्हर म्हणून त्याच यंत्राचा पत्ता दिसला, तर क्रॅक (परवान्याची तपासणी चुकवणारी युक्ती) मारल्याची शक्यता दाट. टंकप्रणालीचा (फॉन्टच्या आज्ञावलीचा) यूएसबी लॉक, म्हणजे परवान्याची कळ, एकच आणि मजकूर एकाच वेळी तीन यंत्रांवर, हीही खूण. उलट हिशेबाच्या टॅली आज्ञावलीच्या शैक्षणिक मोडमध्ये पहिली, दुसरी अशा मोजक्याच तारखांच्या नोंदी होतात. ती पायरसी नव्हे. लिबरऑफिससारख्या मुक्त आज्ञावलीच्या नकला तर मुक्तच असतात. खोटी माहिती जाणूनबुजून दिल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २१७ लागू शकते.

फौजदार दर्जाचा अधिकारी कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६४ खाली वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो. प्रकरणे ढासळतात ती पंचनाम्यात : चालू पडद्याचे फोटो न घेताच संगणक बंद केला जातो, किंवा हार्ड डिस्कचा अनुक्रमांक व हॅश मूल्य (मजकूर नंतर बदलला नाही हे दाखवणारा आकडा) लिहिले जात नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या (२०२३) कलम ६३ चे प्रमाणपत्र दोन भागांत लागते, दुसरा भाग तज्ज्ञाचा. (कॉपीराइटचेही कलम ६३ च, अर्जांत गोंधळ होतो.) केवळ डाउनलोडचा दुवा असेल, तर हक्कधारकाच्या लेखी तक्रारीवरून मध्यस्थाने (तो दुवा ठेवणाऱ्या संकेतस्थळाने वा सेवेने) ३६ तासांत तो रोखायचा असतो (कॉपीराइट नियम २०१३, नियम ७५), २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आणल्यास तो पुन्हा खुला होऊ शकतो.