डिंकोचे सुवर्ण आणि इंफाळमधले घर

उपचारांसाठी घर विकावे लागलेला पद्मश्री, अशीच बॉक्सर डिंको सिंगची ओळख शेवटच्या वर्षांत उरली होती. पण मुळात लहानपणी त्याला घर असे नव्हतेच. मणिपूरच्या सेकता गावचा हा मुलगा (जन्म १९७९) अनाथाश्रमात वाढला. डोंगराळ, आडवळणाच्या मुलखातली गुणी पोरे हेरण्यासाठी ‘साई’ची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) स्पेशल एरिया गेम्स योजना होती, तिने त्याला उचलले. १९८९ मध्ये, दहाव्या वर्षी, अंबाल्यात तो सब-ज्युनियर राष्ट्रीय विजेता झाला. पुढे नौदलात नोकरी लागली.

१९९७ मध्ये त्याने बँकॉकला किंग्ज कप या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धेचे सुवर्ण मारले. तरीही पुढच्या वर्षी त्याच शहरात होणाऱ्या आशियाई स्पर्धेच्या संघातून त्याला आधी वगळले होते. ते ऐकून तो इतका प्यायला की कोसळला, असे तेव्हा छापून आले होते. ऐनवेळी नाव परत आले. ५४ किलो गटाच्या उपांत्य फेरीत समोर थायलंडचाच सोंताया वोंगप्रातेस, आणि प्रेक्षकही त्याचेच. डिंकोने त्याला हरवले. अंतिम लढतीत उझबेकिस्तानच्या तिमूर तुल्याकोव्हने चौथ्या फेरीनंतर हात टेकले. १९८२ च्या कौर सिंगनंतर, तब्बल १६ वर्षांनी, भारताला आशियाई बॉक्सिंगचे सुवर्ण मिळाले. ते पाहून मणिपुरातलीच एक शाळकरी ॲथलीट बॉक्सिंगकडे वळली: मेरी कोम.

त्यानंतरचा रिंगमधला काळ थोडक्यात आटोपतो. अर्जुन पुरस्कार मिळाला, सिडनी ऑलिंपिकमध्ये मात्र हाती काही लागले नाही. मग इंफाळला ‘साई’त प्रशिक्षक. पद्मश्रीला २०१३ साल उजाडले, म्हणजे सुवर्णानंतर १५ वर्षे.

२०१७ मध्ये यकृताचा कर्करोग निघाला. दिल्लीत शस्त्रक्रिया झाली, आणि खर्चापायी इंफाळमधले घर गेले. मदत आली, नाही असे नाही. पण घर विकल्याची बातमी झाली तेव्हा तिचा ओघ वाढला. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, बॉक्सिंग महासंघाने विमानाची सोय करून त्याला किरणोपचारासाठी दिल्लीला नेले. तिथे कावीळ निघाली आणि उपचार लांबले. परतीचा सुमारे २,४०० किलोमीटरचा प्रवास त्याने रुग्णवाहिकेतून रस्त्याने केला. इंफाळला पोहोचल्यावर तपासणीत करोना निघाला.

करोनातून तो उठला. १० जून २०२१ रोजी कर्करोगाने गेला, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता.