17 की 20? भारतीय मुलींचे दोन फुटबॉल संघ आणि त्यांची वेगवेगळी कामगिरी

ऑक्टोबर 2022 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि गोव्यात फातोर्ड्याला मुलींच्या विश्वचषकाचे सामने झाले. भारत त्यात खेळला. मग ऑगस्ट 2025 मध्ये बातमी आली की भारताच्या मुली 20 वर्षांनी आशिया चषकाला पात्र ठरल्या. विश्वचषक खेळलेल्या संघाला आशिया चषक गाठायला एवढी वर्षं कशी लागली, असं वाटणं साहजिक आहे. पण हे दोन वेगळे संघ आहेत: विश्वचषक खेळला तो 17 वर्षांखालील, ऑगस्टची बातमी 20 वर्षांखालील संघाची.

वयाचा हिशोब सोपा आहे. मुख्य स्पर्धेच्या वर्षातून 17 किंवा 20 वजा करायचे; उरलेल्या वर्षाच्या 1 जानेवारीला किंवा त्यानंतर जन्म हवा. 2022 च्या विश्वचषकासाठी 1 जानेवारी 2005, 2026 च्या आशिया चषकांसाठी अनुक्रमे 1 जानेवारी 2009 आणि 1 जानेवारी 2006. चूक होते ती सामन्याच्या दिवशीचं वय मोजल्यामुळे. पात्रता फेरी आदल्या वर्षी झाली तरी वर्ष मुख्य स्पर्धेचंच धरतात. 31 डिसेंबर 2008 ला जन्मलेली मुलगी 2026 च्या 17 वर्षांखालील स्पर्धेतून एका दिवसाने बाहेर पडते, मात्र 20 वर्षांखालील गटाची दारं तिला 2028 पर्यंत उघडी असतात.

आता कामगिरी. 17 वर्षांखालील संघ 2022 चा विश्वचषक खेळला तो यजमान म्हणून. पात्रता फेरी खेळावी लागली नाही. प्रशिक्षक थॉमस डेनरबी, कर्णधार झारखंडची अस्तम उरांव. अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. तिन्ही सामने भुवनेश्वरला झाले, त्यामुळे कोकणपट्टीवरच्या दोन्ही मैदानांवर प्रेक्षकांनी पाहिले ते इतर देशांचे संघ. नेरूळच्या अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं. (त्याच वर्षी जानेवारीत याच मैदानावर भारताची आशिया चषकातली जी मोहीम कोविडमुळे अर्धवट राहिली, ती वरिष्ठ महिला संघाची.)

ते 16 गोल पाहून या मुलींना मोडीत काढणं अन्याय्य होतं. मैदानावर मिळवलेलं यश पाहायचं तर ऑक्टोबर 2025 कडे बघा. बिश्केकला 17 वर्षांखालील संघाने किर्गिझस्तानला 2-1 आणि पिछाडीवरून येत उझबेकिस्तानलाही 2-1 असं हरवलं, आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशिया चषक गाठला. माझ्या लेखी हे यजमानपदाच्या तिकिटापेक्षा कितीतरी मोठं आहे.

20 वर्षांखालील संघाने त्याआधी दोनच महिने यांगूनमध्ये तेच केलं होतं: इंडोनेशियाशी 0-0, तुर्कमेनिस्तानवर 7-0, आणि यजमान म्यानमारवर 1-0. 2006 नंतर प्रथमच. विश्वचषक मात्र या गटात 2025 पर्यंत भारत एकदाही खेळलेला नव्हता.

दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धा सगळ्यात जास्त घोटाळा करते, कारण तिचा वयोगटच बदलत राहतो. 2022 ला जमशेदपूरला भारत जिंकला ती 18 वर्षांखालील, 2024 ची ढाक्यातली 19 वर्षांखालील. ढाक्याचा अंतिम सामना बांगलादेशशी 1-1 सुटला, पेनल्टीत गोलरक्षकांसह सगळ्यांनी गोल केले, 11-11. इथे नियमाप्रमाणे निकाल लागेपर्यंत पेनल्टी चालू ठेवायच्या असतात. तिथे नाणेफेक करून भारताला विजेता ठरवलं, बांगलादेशच्या आक्षेपानंतर निर्णय फिरला आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेतेपद मिळालं. म्हणून सॅफची बातमी वाचताना आधी वयोगट पाहा.

आपल्याकडे आणखी एक गफलत होते. शालेय स्पर्धा आणि सुब्रतो कपमध्येही '17 वर्षांखालील मुली' हा गट असतो, पण तिथे खेळते ती शाळा. सावंतवाडीच्या मुलींना मडगाव जवळ असलं तरी शालेय स्पर्धेत जिल्हा आणि मग कोल्हापूर विभाग असंच जावं लागतं. भारतीय संघाकडे नेणारी मुख्य वाट राज्य संघातून जाते, आणि महाराष्ट्राचा संघ वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे असतो. त्यामुळे शाळेच्या संघात असलेल्या मुलीचीही जिल्हा फुटबॉल संघटनेकडे वेगळी नोंदणी करून ठेवा.