दोन पाट्यांमधली फट

जानेवारी २०२३मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारी मांडल्या होत्या. अशा ठिकाणी माणसं रंग बघतात, दिवे बघतात. वाकून पुढच्या चाकाजवळची कमान, म्हणजे गाडीचं वजन झेलणारी पोलादी पाट्यांची स्प्रिंग, बघणारा विरळाच. जुन्या गाडीवाल्याला हमखास मिळणारा सल्लाही ठरलेला: ‘कमान बसलीय (सपाट झालीय)? एक पाटा वाढवा.’ हा सल्ला घातक आहे.

पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो जवळजवळ ५९ टक्के जास्त ताठ होतो. पण जाडीइतकाच महत्त्वाचा असतो बाक. कमान खोलून पाटे नुसते एकमेकांवर ठेवले, तर मधोमध फट दिसते, कारण खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा आखूड आणि मुद्दाम जास्त वाकवलेला असतो. सगळ्या पाट्यांच्या मधल्या भोकातून जाणारा सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते. आखूड पाटा थोडा सपाट होतो, मेन पाटा, म्हणजे सर्वात वरचा आणि लांब पाटा, आणखी वाकतो. गाडीचं वजन कमानीला सपाट करू बघतं, म्हणजे मेन पाट्यात आधीच उलट्या दिशेचा ताण भरून ठेवलेला असतो. वजन पडल्यावर त्याच्या वाट्याला कमी ताण येतो. ब्रेकचा आणि वळणाचा धक्काही त्यालाच सोसायचा असतो, म्हणून ही सवलत त्याला.

आता दुसऱ्या गाडीचा पाटा मध्ये सारला तर? बाक कमी असेल तर तो टोकांशी सुटा राहून खडखडतो. जास्त असेल तर फाजील ताण घेऊन तोच आधी तुटतो. गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवलेल्या पाट्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं आणि तो पुन्हा बसतो.

बसवताना पाटे घासून ग्रॅफाइट ग्रीस लावा. दोन मजबूत सी-क्लॅम्प लावून आळीपाळीने आवळत फट मिटवा, मगच सेंटर बोल्ट घाला. खोलतानाही क्लॅम्प हवेतच, नाहीतर पाटे उसळतात. बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) भोकात नेमकं बसलं पाहिजे, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका होऊन गाडी एका बाजूला ओढते. कमानीखाली पाचर असेल तर तिची दिशा काढण्यापूर्वीच खुणेने नोंदवा. उलटी बसली तर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. कमानीच्या टोकांना रबरी बुश (रबरी नळकांडी) असतील तर शॅकलचे, म्हणजे टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, नट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर पीळ पडलेलं रबर लवकर फाटतं.

कमान अ‍ॅक्सलला जखडणारे यू-बोल्ट नवेच घ्या, आमनेसामने आवळा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. खंडेनवमीला गाडीची पूजा जरूर करावी, पण बंपरला लिंबू-मिरची बांधून कमान वाचत नाही. सेंटर बोल्टच्या भोकाशी पाट्याचा छेद सर्वात कमजोर असतो. यू-बोल्ट घट्ट असेपर्यंत तो भाग वाकतच नाही. म्हणून तुटलेला पाटा हाती आला की आधी तुटल्याची जागा बघा: भोकातून गेला असेल, तर संशय यू-बोल्टवर घ्या.